कायमची गोळी: विशीत हाशिमोटो झालेल्यांसाठी

रक्ताचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी आपल्याच फोनवर येतो. टीएसएच १८, आकडा ठळक अक्षरात, शेजारी वर तोंड केलेला बाण. खाली अँटी-टीपीओच्या ओळीत सहाशेच्या पुढची संख्या. लोकलमध्ये उभं राहून किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून हे वाचणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असते. घरी फोन लावला तर आई म्हणते, ‘अगं, मावशीला कितीतरी वर्षं थायरॉईड आहे, काही होत नाही.’ रूममेट म्हणते, आजपासून पोळी बंद कर. संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट बघतात, बाहेर रांग असते, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता सांगतात, ‘रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. कायमची.’

त्यानंतरचं काही कानात शिरत नाही. मला हाशिमोटो, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावणारा हा आजार, विशीतच झाला, आणि पुढे अशा अनेक मुलामुलींशी बोलणं झालं. गोळीचा त्रास फार थोड्यांना होतो, गोळीची धास्ती मात्र जवळजवळ सगळ्यांनी घेतलेली असते. आपल्या गळ्यात काय बिघडलंय आणि ती एवढीशी गोळी शरीरात जाऊन काय करते, हे नीट कळलं तर ही धास्ती बरीचशी ओसरते. म्हणून आधी तेच.

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. अन्नातून आलेलं आयोडीन रक्तातून ओढून घ्यायचं आणि त्यापासून टी-४ आणि टी-३ हे दोन हार्मोन बनवायचे, हे तिचं काम. नावातला आकडा म्हणजे त्या रेणूत आयोडीनचे किती अणू आहेत तो. ग्रंथी मुख्यतः टी-४ सोडते. यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयव त्यातला एक अणू काढून त्याचं टी-३ करतात, आणि पेशींवर खरा परिणाम या टी-३चा होतो. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, पाळीचं चक्र, त्वचा, केस, विचारांची चपळाई, या सगळ्यांची गती त्याच्यावर ठरते. म्हणूनच ग्रंथी मंदावली की एकच एक अवयव दुखत नाही, सगळंच थोडं थोडं मंदावतं.

टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉईडला काम करायला सांगतो. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉईडकडून माल कमी आला की टीएसएच वाढतो. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त आणि टी-४ कमी दिसला तर थायरॉईड कमी पडते आहे असा अर्थ होतो. बहुतेक लॅबमध्ये प्रौढांसाठी टीएसएच साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ पर्यंत ठीक मानतात. पहिल्यांदा रिपोर्ट वाचताना हे उलटं गणित गोंधळात टाकतं: आकडा जास्त, आणि आजार मात्र कमतरतेचा.

आता ग्रंथी मंदावली का? एके काळी आपल्याकडे याचं मोठं कारण आयोडीनची कमतरता हे होतं. आज शहरातल्या तरुण मुलामुलींमध्ये बहुतेक वेळा कारण निराळं असतं. जंतूंशी लढण्यासाठी असलेली आपलीच प्रतिकारयंत्रणा थायरॉईडच्या पेशींना परकं समजते आणि त्यांच्यावर हल्ला करते. याला ऑटोइम्यून आजार म्हणतात, आणि थायरॉईडच्या या आजाराला हाशिमोटो. जपानमधल्या फुकुओका इथले तरुण सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या काढून टाकलेल्या गाठाळलेल्या थायरॉईड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यात पांढऱ्या पेशींची अशी दाटी होती जी तोवर कोणी वर्णन केली नव्हती. त्यांनी जर्मन नियतकालिकात निबंध लिहिला, पुढे गावी परत जाऊन डॉक्टरकी केली आणि १९३४ मध्ये विषमज्वराने गेले. त्या पांढऱ्या पेशी तिथे कशासाठी जमल्या होत्या, हे त्यांच्या हयातीत कळलंच नाही. १९५६ मध्ये लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी असतात. शरीर स्वतःवरच उलटू शकतं ही कल्पना तेव्हा डॉक्टरांनाही पचायला जड होती. आपल्या रिपोर्टमधली अँटी-टीपीओची ओळ ही त्या शोधाची वंशज.

टीपीओ हे थायरॉईडमधलं एक एन्झाइम आहे. हार्मोन बनवायला ते लागतं. थायरॉईड मंदावलेली असताना त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या की हाशिमोटोचं निदान जवळजवळ पक्कं होतं. या आकड्याबद्दल एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे, कारण त्यापायी मुलं रात्र रात्र झोपत नाहीत. अँटी-टीपीओ सहाशे असलेल्या व्यक्तीचा आजार दोनशेवाल्यापेक्षा तिप्पट गंभीर असतो, असं नाही. ग्रंथीची मोडतोड मुख्यतः प्रतिकारयंत्रणेच्या पेशी करतात. या अँटीबॉडी म्हणजे ते चालू असल्याची खूण. ती एकदा सापडली की काम झालं. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा मोजायला सांगणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका. उपचार ठरतो तो टीएसएच, टी-४ आणि तुमच्या तक्रारींवरून.

भारतातल्या आठ शहरांत झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी आहे. तिच्यात दर शंभर प्रौढांमागे जवळपास अकरा जणांची थायरॉईड कमी काम करत होती, आणि अँटी-टीपीओ तर पाचातल्या एकाच्या रक्तात होत्या. अँटीबॉडी असलेल्या या सगळ्यांना आजार होत नाही. अनेकांच्या अँटीबॉडी वर्षानुवर्षं नुसत्या असतात आणि ग्रंथी व्यवस्थित चालू राहते. त्यांना वर्षातून एकदा टीएसएच बघितला की पुरतं. हाशिमोटो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पटींनी जास्त होतो, पण मुलग्यांना होतो तेव्हा तो आणखी उशिरा सापडतो, कारण मुलग्याला थकवा आला तर कोणी थायरॉईड तपासायला सांगत नाही.

विशीत हा आजार ओळखायला अवघड जातो, कारण त्याची सगळी लक्षणं त्या वयाच्या आयुष्यात फुकट मिळतात. थकवा? अभ्यास आहे, रात्रपाळी आहे. केस गळतात? होस्टेलचं पाणी. बद्धकोष्ठ? मेसचं जेवण. लक्षात राहत नाही, मन लागत नाही? मोबाईल. वजन वाढलं? आळशी झालीस. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला एक पान वाचून काहीच आठवत नसेल तर ती स्वतःलाच दोष देते, रक्त तपासून घेत नाही. मला वाटतं, निदानाच्या आधीच्या त्या काळात स्वतःबद्दल जे मत बनतं ते गोळी सुरू झाल्यावरही बराच काळ मनात राहतं. त्या काळातल्या मार्कांवरून किंवा कामावरून स्वतःला जोखू नका.

तरी काही गोष्टी एकत्र दिसल्या तर शंका घ्यावी: एप्रिलच्या उकाड्यातही पंखा कमी करावासा वाटणं, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असणं, आवाज घोगरा होणं, टाचा आणि कोपरं कोरडी पडणं, पाळीत अंगावरून खूप जाणं किंवा पाळी अनियमित होणं, रात्री हाताला मुंग्या येणं, कारण नसताना कोलेस्टेरॉल वाढलेलं निघणं. पाळी अनियमित आहे म्हणून थेट पीसीओडीचा, म्हणजे बीजांडकोशाच्या विकाराचा, शिक्का बसलेल्या मुलींनी टीएसएच तपासला गेलाय ना, हे जरूर विचारावं. थायरॉईडचं कारण बाजूला काढल्याशिवाय ते निदान पुरं होतच नाही.

वजनाबद्दल खरं सांगायचं तर हाशिमोटोमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलो असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं. त्यापलीकडच्या वजनाचं कारण सहसा दुसरीकडे असतं. हे ऐकायला आवडत नाही, पण माहीत असलेलं बरं. नाहीतर गोळी सुरू झाल्यावर पंधरा किलो उतरेल अशी वाट बघत माणूस निराश होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःच डोस वाढवतो. जादा थायरॉईड हार्मोनमुळे धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते, स्नायू आणि हाडं झिजतात. ही वजन उतरवायची गोळी नाही.

काहींना सुरुवातीला याच्या उलट त्रास होतो. ग्रंथीच्या पेशी फुटताना आत साठवलेला हार्मोन एकदम रक्तात येतो आणि काही आठवडे ती जास्त चालल्यासारखी वाटते. ग्रेव्हज हा आजारही ऑटोइम्यूनच, पण त्यात अँटीबॉडी ग्रंथीला डिवचून सतत जास्त हार्मोन बनवायला लावतात. त्याची औषधं, डोळ्यांची काळजी, सगळंच वेगळं. इथे त्याचा विस्तार करत नाही. ‘थायरॉईड आहे’ एवढं ऐकून मैत्रिणीचा सल्ला पाळण्याआधी तिला कोणता आहे ते विचारा, इतकंच.

गोळी सुरू करायची की नाही हा निर्णय नेहमी सरळ नसतो. टीएसएच दहाच्या वर आणि टी-४ कमी असेल तर प्रश्नच नाही. पण टीएसएच सहा आणि टी-४ व्यवस्थित, असा मधला रिपोर्ट खूप जणांचा येतो. तापातून उठल्यावर, झोप बिघडल्यावर टीएसएच थोडा वर जाऊ शकतो आणि आपोआप खालीही येतो. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून मग ठरवणं हा शहाणपणाचा मार्ग, अर्थात गरोदरपण किंवा त्याचा विचार चालू नसेल तर. एका रिपोर्टवर जन्मभराची गोळी सुरू होत असेल तर ‘पुन्हा एकदा तपासू या का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आता ती गोळी. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉईड पार थकलेल्या, सूज आलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी अशा रुग्णांसाठी करण्यासारखं काहीच नव्हतं; माणसं हळूहळू बधिर होत जायची. ही बाई बरी झाली आणि १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षं जगली. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढला आणि १९२७ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवता आला. आपण घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच टी-४, रेणूला रेणू जुळणारं. आपल्या ग्रंथीने बनवलेलं आणि गोळीतून आलेलं टी-४ यांत शरीराला फरक करता येत नाही. ती रोगाशी लढत नाही, काही दाबून टाकत नाही, सवय लावत नाही. जे कमी पडतंय ते भरून काढते. म्हणून योग्य डोसमध्ये तिचे दुष्परिणाम जवळजवळ नसतात, आणि म्हणूनच ती कायमची असते: मोडलेली ग्रंथी सहसा पुन्हा उभी राहत नाही. बाळंतपणानंतर उद्भवणाऱ्या थायरॉईडच्या दाहात बऱ्याच जणींची गोळी पुढे बंद होते, पण तो निर्णय तपासण्या करून डॉक्टरांनी घ्यायचा.

‘थायरॉईड मुळापासून घालवतो’ असं सांगणारे काढे, चूर्णं आणि कोर्स पुष्कळ आहेत. प्रतिकारयंत्रणेची ही चूक कायमची दुरुस्त करणारं सिद्ध औषध आज कुठल्याही शास्त्राकडे नाही. तुम्हाला योगासनं, प्राणायाम, आहार यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा. गोळी मात्र बंद करू नका. बंद केल्यावर पहिले काही दिवस छान जातात आणि फसगत तिथेच होते. टी-४ शरीरातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे त्रास सुरू होईपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात आणि तोवर ‘बघ, गोळीशिवाय चाललंय’ असं घरात जाहीरही झालेलं असतं.

या सात दिवसांच्या हिशेबात आणखी दोन गोष्टी दडल्या आहेत. डोस बदलल्यावर रक्त सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. दोन आठवड्यांत तपासलं तर आकडा अर्धवट येतो आणि डोस उगाच वरखाली होतो. आणि एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. आठवण आली की घ्या, आणि पुढचे दिवस नेहमीसारखे.

रोजच्या जगण्यात खरी अडचण येते ती चहाची. महाराष्ट्रात डोळे उघडले की चहा, आणि तोही दुधाचा. ही गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही घ्यायचं नाही. दुधातलं कॅल्शियम तिला आतड्यात बांधून ठेवतं. कॉफीनेही ती कमी शोषली जाते. गोळी गिळली आणि पाठोपाठ कप तोंडाला लावला, तर चिठ्ठीवर ७५ मायक्रोग्रॅम असले तरी अंगात किती गेले ते सांगता येत नाही. टीएसएच दर वेळी वेगळा येणाऱ्यांपैकी अनेकांचं कोडं इथेच सुटतं. सोपा उपाय असा की बाटली उशाशी, शेजारी पाण्याचा तांब्या. जाग आली की आधी गोळी, मग दात, अंघोळ, आणि मग चहा. बाटली स्वयंपाकघरात ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका, उष्णता आणि ओलावा या गोळीला मानवत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात झाकण घट्ट लावायचं विसरू नका.

ज्यांची सकाळ हातात नसते, म्हणजे शिफ्टवाले, सहाच्या बसने निघणारे, त्यांनी रात्री झोपताना घेतली तरी चालते. मात्र जेवण होऊन तीन तास तरी झालेले हवेत, आणि रोज तीच वेळ हवी. हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासालाही घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी वेळ रात्रीवर नेण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अँटासिड यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते थांबवा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन लॅबच्या यंत्रालाच चकवतं: टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवू शकतं, आणि मग चांगला चाललेला डोस विनाकारण कमी होतो. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी.

एका कंपनीची गोळी लागू पडली असेल तर शक्यतो तीच चालू ठेवा. कंपनी बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या. लेव्होथायरॉक्सिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीवर नियंत्रण आहे. आयुष्यभराच्या औषधांमध्ये ते स्वस्तातलं. शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांनी ब्रँडच्या नावासोबत लेव्होथायरॉक्सिन हे नाव आणि आपला मायक्रोग्रॅममधला डोस पाठ ठेवावा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानदार ही गोळी देत नाही, आणि आपल्या ब्रँडची नावं तिथे कोणाला माहीत नसतात.

खाण्याबद्दल जितका सल्ला मिळतो तितकं करण्यासारखं खरोखर नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. सोयाबीन चालतं, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब. गहू सोडायची गरज गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा सीलिअ‍ॅक आजार असणाऱ्यांना. हाशिमोटो असणाऱ्यांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून सतत पोट बिघडत असेल, लोह वाढतच नसेल तर त्याची तपासणी करावी, आणि तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवावी, कारण गहू आधीच सोडला तर ती तपासणी फसते. सेलेनियमच्या गोळ्यांनी अँटीबॉडीचा आकडा कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण माणसाला बरं वाटतं याचा पक्का पुरावा नाही, आणि जादा सेलेनियम घातक ठरतं.

मिठाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण आयोडीन न घातलेल्या सैंधवाची लाट आली आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड दिसायचे. १९५० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचं प्रमाण झपाट्याने खाली येतं हे सिद्ध केलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या दिसणाऱ्या या मिठाने कित्येक मुलांचे मेंदू वाचवले आहेत. हाशिमोटो आहे म्हणून घरातल्या सगळ्यांचं आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणणं चुकीचं आहे, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. टाळायचं ते वरून घेतलेलं जादा आयोडीन: समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब. त्यांनी हाशिमोटो खरोखर बिघडू शकतो.

टीएसएच २ आला, डॉक्टर म्हणाले सगळं छान, आणि तरी दुपारी तीन वाजता डोळे मिटतात. हे पुष्कळांचं होतं आणि ते मनाचे खेळ नाहीत. अशा वेळी थायरॉईडचा डोस वाढवत बसण्यापेक्षा आणखी काय आहे ते शोधावं. फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ तसंही कमी असतं, त्यात हाशिमोटोच्या जोडीला बी-१२ शोषू न देणारा ऑटोइम्यून आजार असू शकतो. टाइप-१ मधुमेह, कोड, चाई हेही याच कुटुंबातले. झोप किती आणि कशी होते, घोरणं आहे का, नैराश्य आहे का, हेही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवं. नैराश्य थायरॉईडमुळे असू शकतं आणि थायरॉईड बरोबर झाल्यावरही मागे राहू शकतं. तेव्हा त्याचा वेगळा उपचार घ्यावा. एवढं सगळं पाहूनही काही थोड्यांना पूर्ण पूर्वीसारखं वाटत नाही. त्यांना ‘तुझे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं म्हणून वाटेला लावू नये, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे, पाठवावं.

आणि मग लग्नाचा विषय निघतो. स्थळ बघायला सुरुवात झाली की घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणतात, ‘गोळीचं आत्ताच सांगू नका.’ बाटली कपाटात कपड्यांमागे जाते. सासरी गेल्यावर पहिले काही आठवडे लपून गोळी घेणाऱ्या, आणि चहाच्या गडबडीत ती चुकवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मला याचा फार राग येतो, त्या मुलींचा नाही, त्यांना लपवायला लावणाऱ्या भीतीचा. हाशिमोटो असलेल्या, डोस नीट असलेल्या मुलीला मूल होण्यात सहसा अडचण येत नाही. ज्या माणसाबरोबर राहायचं ठरतंय त्याला गोळी, तिचं कारण आणि सहा महिन्यांची रक्ततपासणी हे साखरपुड्याआधी सरळ सांगावं. मुलांनीही सांगावं, त्यांच्या गोळीबद्दल तर कोणी विचारतही नाही.

मुलाचा विचार सुरू झाला की मात्र दक्ष राहायचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड तयार होत असते. तेव्हा त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारा हार्मोन आईकडूनच जातो. म्हणून आधीपासून टीएसएच अडीचच्या खाली आणून ठेवतात. दिवस गेल्यावर गोळीची गरज पाव ते तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त वाढते, आणि ती अगदी पहिल्या आठवड्यांपासून वाढते. अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला दोन गोळ्या जादा सुरू करायच्या आणि लगेच भेटायचं. तुमच्या डॉक्टरांकडून हे आधीच लिहून घ्या, पहिली अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. मग गरोदरपणाच्या निम्म्या काळापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, आणि सगळ्या गोळ्या एकाच डबीत घालून नाश्त्यानंतर एकदम घेतल्या जातात. इथे थायरॉईडची गोळी अक्षरशः वाया जाते. सकाळी उठल्यावर थायरॉईडची, दुपारच्या जेवणानंतर लोहाची, रात्री कॅल्शियमची, अशी फोड केली की प्रश्न मिटतो. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीचाच होतो, आणि ही गोळी घेत असताना अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

एकदा डोस बसला की सहा महिने ते वर्षातून एकदा रक्त तपासायचं. मधेच वजनात मोठा फरक पडला, गर्भनिरोधक गोळ्या सुरू किंवा बंद केल्या, फिट्सचं औषध सुरू झालं, तर लवकर. गळ्यातली सूज पटकन वाढली, एखादी गाठ हाताला वेगळी लागली, गिळताना किंवा श्वास घेताना अडू लागलं तर वाट न बघता दाखवायचं. आणि हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा स्वतःचा रिपोर्ट हातात आल्यावर एक फोन भावाबहिणींना करा: थकवा, पाळीच्या तक्रारी, गळ्यावर सूज असं काही असेल तर टीएसएच एकदा करून घ्या म्हणावं. आईलाही सांगा. मावशीला आहे म्हणते, पण स्वतःचा तिने बहुधा कधीच तपासलेला नसतो.